खाडीकडे तोंड करून

मानकोलीच्या पुढे, ठाण्याकडे जाताना रस्ता खाडीजवळ येतो, तिथे गोदामांची रांग संपल्यावर एक दुमजली हॉटेल आहे. वर गच्ची, गच्चीला काचेचा कठडा, कठड्याखाली तिवरांचं रान, मग पाणी, आणि पलीकडे ठाण्याच्या इमारतींच्या मागे डोंगर. सूर्य त्या डोंगरामागे बुडतो. आम्ही तिथे तीनदा जेवलो आणि तिन्ही वेळा जेवण वाईट होतं. तरी परत परत गेलो ते ताईसाठी.

ताई गोदामात काम करते. पत्र्याची एवढी मोठी शेड, की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकावरून ओळखू येत नाही, आणि तिला एकही खिडकी नाही. खिडकी ठेवली की माल जातो, असं मालकांना वाटतं. आत दिवसाही ट्यूबलाइट. बाहेर पाऊस पडून गेला हे ताईला ट्रकच्या चाकांवरच्या चिखलावरून कळतं. पॅकिंगला लागलेली माझी बहीण तिथे शिफ्टची इनचार्ज झाली. तिच्या हाताखाली पुरुष आहेत, ते तिला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे आणखी काही म्हणतात. तेही तिला माहीत आहे. ती इनचार्ज झाली तेव्हा तिने ठरवलं, की घरच्यांना खाडीवरच्या हॉटेलात जेवायला न्यायचं. बसमधून जाता-येता तिने ते पाहिलं होतं. "तिथे चारी बाजूंनी उजेड असतो," ती म्हणाली.

आमचं घर नारपोलीत, लूमच्या कारखान्याला पाठ लावून. बाबांनी आयुष्यभर लूम चालवले. लूमच्या कारखान्यात बोलणं कानांनी होत नाही, ओठांनी आणि हातांनी होतं. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, बस. दोन लूमच्या पलीकडून माणूस ओठ हलवतो, सूत तुटलंय, मुकादम आलाय, चहा सांग, आणि सगळं कळतं. अशी वर्षं गेली आणि बाबांचे कानही गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण शब्द ऐकू येत नाहीत, नुसती घरघर येते. कानाचं मशीन घेऊन दिलं तर त्यात ताटं-वाट्यांचा खणखणाट आधी ऐकू यायचा आणि माणूस नंतर. ते त्यांनी ट्रंकेत ठेवलं. घरात आम्ही त्यांच्या समोर जाऊन बोलतो. लहानपणापासून सवय आहे. बाबांशी बोलायचं तर आवाज चढवायचा नाही, पुढ्यात यायचं.

बाहेर मात्र ते कुणाला सांगू द्यायचे नाहीत. एकदा डॉक्टरकडे आई सहज बोलून गेली, "यांना ऐकू येत न्हाय," तर घरी आल्यावर तिच्यावर चिडले. मला म्हणाले, "बहिऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याच्या वतीने दुसरे ठरवतात." म्हणून अनोळखी माणसांत त्यांनी एक युक्ती काढली होती. चेहरा नीट दिसला नाही की ते हसून मान डोलवायचे. बहुतेक वेळा निभावून जायचं.

माझे बाबा कामगारांची पत्रकं वाटायचे. कारखान्याच्या दारात, विहारात, जयंतीच्या मिरवणुकीत. उरलेली पत्रकं घरी यायची आणि मी त्यांवर वाचायला शिकले. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि गवत होतं, आमच्या पत्रकात हक्क आणि पिळवणूक. मी अजून तशीच लिहिते, असं लोक म्हणतात. म्हणोत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला कठड्याला टेबलासारखी लावलेल्या लांब फळीपाशी बसवलं. एकाच बाजूला उंच खुर्च्या, सगळ्यांची तोंडं खाडीकडे. मॅनेजर म्हणाला, इथून व्ह्यू बेस्ट मिळतो. आम्ही चौघं एका रांगेत बसलो, जसे बसस्टॉपवर बसतात. आईचं माहेर खाडीकाठचं. या चिखलात तिने लहानपणी निवट्या धरल्या होत्या, चिंबोऱ्या काढल्या होत्या. ती खाली बघून म्हणाली, "एवढं उंचावरून खाडी बघायला पैसं द्यायचं. आमी त्यात कमरेपर्यंत उभं असायचो, कुणी व्ह्यू बोललं न्हाय."

ताईने सुरमई मागवली. फार वेळाने आली. वरून करपलेली, आत गारढोण. आईने एक तुकडा मोडून तसाच ठेवला.

"ही कंची सुरमई? बरफातली फळी हाय."

"आई, हळू बोल," ताई म्हणाली.

"कुणाला ऐकू जातंय? मासली तर कवाच मेली."

चटणी फ्रिजमधली, तांदळाची भाकरी चामड्यासारखी, आणि कोलंबीच्या रश्श्याला पनीरच्या रश्श्याची चव. मी वेटरला हाक मारणार होते. बाबांनी माझा हात धरला. त्यांना माझं तोंड दिसलं नव्हतं, पण हात वर गेलेला दिसला होता.

"त्याला बोलू नको. त्याने नाही बनवलं."

"मग आत जाऊन बनवणाऱ्याला बोलते," मी त्यांच्याकडे वळून म्हटलं.

"त्यालाही नको. त्याला जे दिलं ते त्याने बनवलं."

भांडायचं तर मालकाशी, हे आमच्या घरचं शिक्षण. पण मालक कधी टेबलावर येत नाही. म्हणून आमच्यासारखी माणसं वाईट जेवण पूर्ण संपवतात आणि वेटरने विचारलं की चांगलं होतं म्हणतात. आम्ही तसंच केलं. ताई सगळा वेळ पाण्याकडे बघत होती. सूर्य बुडाला तेव्हा तिने जेवण थांबवलं आणि पूर्ण बुडेपर्यंत हात तसाच ताटावर धरून ठेवला. मला त्या हॉटेलाचा राग आला होता. गोदामाच्या मालकाने खिडकी काढून घेतली आणि या मालकाने तीच खिडकी तिला परत विकली. हे मी घरी आल्यावर बोलले. ताई म्हणाली, "तू हे लिही. पण मला बघू दे."

दुसऱ्यांदा गेलो ते ताईला एक गोष्ट सांगायची होती म्हणून. पुन्हा तीच फळी, पुन्हा चौघं रांगेत. या वेळी आम्ही शहाणे होऊन मासे टाळले आणि कोंबडी मागवली. कोंबडीला त्याच रश्श्याची चव होती. ताई मध्येच, समोर बघत, एका दमात बोलून गेली. एक मुलगा आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करतो, आपल्याच समाजातला, कल्याणला राहतो. आम्ही दोघांनी ठरवलंय. तुम्हाला चालेल का?

आई माझ्याकडे बघायला लागली. मी ताईकडे. टोकाला बसलेले बाबा खाडीकडे बघून हसले आणि त्यांनी मान डोलावली.

"हो म्हणाले," आई म्हणाली. ताईचे डोळे भरून आले. तिने ती गार कोंबडी सगळी खाल्ली.

घरी आल्यावर ताई बाबांच्या पाया पडायला वाकली तेव्हा बाबा गडबडले. "काय झालं? पगार वाढला का?" त्यांना काहीच कळलं नव्हतं. रांगेत बसलेल्या माणसाला शेजारच्याचे ओठ दिसत नाहीत. ताई त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बाबांनी मुलाचं नाव विचारलं, काम विचारलं. मग म्हणाले, "तुझी नोकरी त्याला माहिती आहे ना? शिफ्टची?"

"माहिती आहे. त्याला काही वाटत नाही."

"मग माझं काय जातंय?"

ते खरं हो होतं. पण त्या दिवसापासून ताईच्या मनात धास्ती बसली. लग्नाच्या बैठकीत असं झालं तर? आमच्याकडे बैठकीत मुलीच्या बापाने चार माणसांत मान डोलावली की तो शब्द झाला. मग तो फिरवता येत नाही.

मुलाच्या घरच्यांनी बैठक हॉटेलातच व्हावी असं म्हटलं. आमच्या घरी बोलणं शक्य नव्हतंच, भिंतीपलीकडे लूम धडधडत असतात आणि पाहुण्यांना ओठ वाचता येत नाहीत. मुलाच्या आईने खाडीवरच्या त्या हॉटेलाचं नाव ऐकलं होतं. मी ताईला म्हटलं, दुसरं शोध, तिथलं जेवण वाईट आहे. ती म्हणाली, "जेवायला कोण चाललंय?" पण तिने सगळा विचार केला होता. या वेळी फळी नको, चौकोनी टेबल. बाबांना खाडीकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडेल आणि बाबांना त्यांचा शब्द न् शब्द दिसेल. पाहुण्यांना देखावाही मिळेल. बाबांनाही हे पटलं. "फक्त सांगू नका त्यांना," ते म्हणाले. मुलाला ताईने सांगितलेलं होतं. त्याने घरी सांगितलं नव्हतं.

आम्ही आधी पोचलो आणि ठरल्याप्रमाणे बसलो. मग ते आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मामा मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. त्याने एकदा टेबलाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"अरे, असं कसं? मुलीचा बाप पाठ करून बसलाय? उठा, उठा साहेब, तुम्ही इकडे या. मानाची जागा तुमची."

"तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही बसा ना तिकडे," ताई म्हणाली.

"बाळा, आम्ही मुलगी न्यायला आलोय. आमच्याकडे मुलीच्या बापाचा मान पहिला."

त्याने बाबांचा दंड धरून त्यांना उठवलं. प्रेमाने, आग्रहाने. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बाबा पलीकडे जाऊन खाडीकडे तोंड करून बसले, त्यांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आई. ती तिघं कठड्याला पाठ देऊन आमच्या समोर बसली. ताई टेबलाच्या टोकाला. आणि त्या तिघांच्या बरोबर मागे सूर्य होता.

मी बाबांच्या शेजारून पाहिलं. समोर तीन काळ्या आकृत्या होत्या. मुलाच्या आईच्या कानातलं तेवढं चमकत होतं. डोळे, ओठ काही नाही. ताईने वेटरला विचारलं, पडदा वगैरे काही आहे का. तो म्हणाला, मॅडम, लोक इथे ह्याच्यासाठीच येतात.

मामा बोलत होता आणि बाबा हसत होते. गावचं बोलणं, नातेवाइकांचं, विहाराच्या नव्या बांधकामाचं. मामा हसला की बाबा हसायचे. खांदे हलताना दिसत होते त्यांना. लग्न विहारात साधेपणाने करायचं, देणंघेणं काही नाही, असं मामा म्हणाला. बाबांनी मान डोलावली. माझाही जीव जरा भांड्यात पडला. चांगली माणसं आहेत, मला वाटलं. ती वाईट नव्हतीच.

मग मुलाची आई बोलली. आवाज हळू होता, शांत.

"एक आहे. लग्नानंतर नोकरी नको. शिफ्टची तर अजिबात नको. आमच्याकडे सुना घरात असतात. तिला काही कमी पडणार नाही. याचे बाबा गेल्यापासून घरात मी एकटी आहे, मलाही माणूस पाहिजे. तुम्ही वडील आहात, तुम्ही काय म्हणता?"

आणि ती बाबांकडे बघून थांबली. ती थांबलेली आहे हे बाबांना कळलं. कुणी थांबलं की उत्तर द्यायचं असतं. ते हसले आणि त्यांनी मान डोलावली.

"झालं," मामाने टेबलावर थाप मारली. "बापाचा शब्द मिळाला. आता काही राहिलं नाही."

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे बोलायला एक अख्खं पत्रक तयार होतं. पण टोकाला बसलेल्या ताईने माझ्याकडे बघून ओठ हलवले, आवाज न काढता, आम्ही घरात बोलतो तसे: गप्प बस. मग ती मुलाकडे बघू लागली. तो काही बोलेल म्हणून ती वाट बघत होती. तो पाण्याचा ग्लास फिरवत होता. माझ्या आईने पदर तोंडावर धरला होता. मला ताईचं गणित कळलं. बोलायचं तर बाबा ऐकू शकत नाहीत हे या लोकांसमोर उघडं करायचं, आणि तेही बाबांना न विचारता. नाही बोललं तर नोकरी गेली. ज्या माणसांच्या हाताखालून वर येऊन ती त्यांची मॅडम झाली होती, ते सगळं एका मानेच्या हलण्याने गेलं असतं. तरी ती बोलत नव्हती.

बाबा तिच्याकडे बघत होते. ती टोकाला होती, तिच्या चेहऱ्यावर बाजूने उजेड होता. तिचा चेहरा त्यांना नीट दिसत होता.

ते उठले. मामा म्हणाला, "बाथरूम त्या बाजूला आहे." बाबा टेबलाला वळसा घालून कठड्यापाशी गेले, उन्हाकडे पाठ करून उभे राहिले आणि त्या तिघांना म्हणाले, "जरा इकडे वळता का माझ्याकडे?"

तिघंही खुर्च्यांसकट वळले. आता उजेड त्यांच्या तोंडावर होता.

"मला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "लूमवर गेले कान. तोंड दिसलं की समजतं. तिथे बसून तुमचं काही दिसत नव्हतं मला. मी उगाच मान हलवली. आता काय म्हणालात ते परत सांगा."

मग मुलाच्या आईने परत सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं होतं तितक्याच शांतपणे, आणि जरा सावकाश, हे मला मान्य करायला हवं. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "नोकरी सोडायची नाही तिने."

"अहो साहेब, आत्ता हो म्हणालात ना," मामा म्हणाला.

"मघाशी दिसलं नव्हतं."

"चार माणसांत शब्द दिल्यावर..."

"शब्द मला कळला तर माझा." मग बाबा मुलाकडे वळले. "तू सांग. तू तिला काय म्हणाला होतास?"

मुलाने आईकडे पाहिलं. "मला काही प्रॉब्लेम नाही, बाबा. पण आईचं असं म्हणणं आहे, तर थोडे दिवस..."

बाबांनी त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. "थोडे दिवस," ते म्हणाले, फक्त तो शब्द बरोबर वाचला ना हे बघायला म्हणतात तसे. मुलाने मान खाली घातली. ताईने ते पाहिलं.

नेमकं तेव्हाच जेवण आलं. दोन थाळे, तीन वाडगे, रोट्यांची टोपली. वेटरने सगळं मांडलं. कुणालाच भूक नव्हती, आणि उठून जाणंही कुणाला जमत नव्हतं. बाबा परत जागेवर येऊन बसले. मग सगळे जेवलो. तोच रस्सा होता. मामाने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय दिलंय? बोलवा मॅनेजरला."

"असंच असतं इथलं," आई म्हणाली. "पयल्यापासून."

"मग इथे कशाला बोलावलंत?"

"बोलावलंत तुम्हीच."

मुलाची आई एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा हसली, आणि लगेच थांबली. सूर्य कधी बुडाला ते मी पाहिलं नाही. ताईनेही पाहिलं नसावं, ती ताटाकडे बघत होती. तिने काही टाकलं नाही. आम्ही कुणीच टाकलं नाही. वेटरने विचारलं, कसं होतं. बाबांना त्याचं तोंड दिव्याखाली स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, "गार होतं. आत सांग, आणि तुझं नाव घेऊ नको, मी सांगितलं म्हणून सांग." त्यांनी हे आधी कधी केलं नव्हतं.

खाली मामाने बाबांना नमस्कार केला आणि "बघू" म्हणाला. रिक्षात आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो, मी ड्रायव्हरच्या शेजारी. अंधारात बाबांशी बोलता येत नाही, त्यामुळे नारपोलीपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मुलाचे नंतर फोन आले. ताई गल्लीत जाऊन बोलायची. तिने त्याला एकच सांगितलं, की तू घरी ये आणि बाबांसमोर बसून सांग, नोकरी राहील म्हणून. आईची समजूत घालतो आणि येतो, तो म्हणाला. तो आला नाही. फोन कमी झाले आणि थांबले.

इथे मला एक लिहिलं पाहिजे, जे मी ज्यांवर वाढले त्या पत्रकांत कधी नसायचं. ताईला तो आवडत होता. बाबांचं बरोबर होतं, माझ्या मनात त्याबद्दल तसूभर शंका नाही, आणि माझी बहीण बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून झोपत होती. दोन्ही एकाच घरात होतं. हक्क मिळाला की माणूस सुखी होतो असं मी तोवर समजत होते. मी तिला काही वाचून दाखवायला गेले तर ती म्हणाली, "आत्ता नको गं," आणि मी कागद बाजूला ठेवला.

एका सकाळी ती ड्युटीला निघत होती. बाबा दाराशी बसले होते. ती चपला घालायला वाकली तेव्हा ते म्हणाले, "माझ्यावर राग आहे?"

ताई उठून त्यांच्या समोर आली, त्यांना दिसेल अशी. पाठीमागे कारखाना सुरू झालेला होता, मला काहीच ऐकू आलं नाही. पण मलाही ओठ वाचता येतात.

"आहे थोडा," ती म्हणाली. "तुमच्यावर कमी, त्याच्यावर जास्त."

"असू दे," बाबा म्हणाले. "डबा घेतलास का?"

तिने पिशवी वर करून दाखवली आणि बस पकडायला गेली.